पदराखालची बोटं

माझ्या अक्षराचा मला फार गर्व होता. मेहकरच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या वीस खाटांच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती, पण आमच्या रजिस्टरांवर अजून जुन्या राज्याचंच नाव छापलेलं होतं. ते एका रेघेनं खोडून शेजारी ‘महाराष्ट्र’ लिहायचं असा हुकूम होता. माझ्या रजिस्टरात तेवढीच काय ती खोडलेली रेघ. बाकी कुठे खाडाखोड सापडली तर दाखवा, असं मी कंपाउंडरला छातीठोकपणे सांगायची. तो बिचारा पानोपानी शाईचे डाग पाडायचा आणि मी त्याला घालूनपाडून बोलायची. आज जे लिहिते आहे ते त्या गर्वापायी घडलं, म्हणून आधीच सांगून टाकलं.

दवाखान्याचे मोठे डॉक्टर पन्नाशीचे होते. माणूस कष्टाळू, पण दुखण्याच्या इंजेक्शनाच्या बाबतीत हात आखडता. ते इंजेक्शन भिंतीतल्या कपाटात कुलपात असायचं आणि किल्ली त्यांच्या जानव्याला. “आपल्याकडच्या बायका सोशिक असतात. उगाच सवय कशाला लावायची,” असं ते म्हणायचे. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मी देऊळगाव राजाकडची. माझ्या आईला दाढ दुखली तरी आम्हाला कळायचं ते दाढ पडल्यावर. न बोलणं म्हणजेच चांगलं वळण, असं मीही समजत होते.

त्या वर्षी नागपूरहून एक तरुण डॉक्टर दर आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्याकडे येऊ लागले. दुखणाऱ्या माणसाला कोणतं औषध किती द्यावं, याचा त्यांचा अभ्यास चालू होता. त्यांनी छापलेले कागद आणले होते. रोज सकाळी रोग्याला विचारायचं, किती दुखतं, आणि चारांपैकी एका रकान्यात त्याचं उत्तर लिहायचं: काहीच नाही, थोडं, बरंच, फार. थोडं असेल तर गोळी. बरंच किंवा फार असेल तर इंजेक्शन, आणि त्यासाठी मोठ्या डॉक्टरांनी किल्ली द्यायची, असं दोघांत ठरलं होतं. कागदाच्या खाली बारीक अक्षरात सूचना होती की रोग्याच्या तोंडचं उत्तर लिहावं, आपल्या मनाचं लिहू नये. कागद भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण अक्षर.

पण त्या डॉक्टरांचं एवढ्यानं समाधान नव्हतं. प्रश्न कसा विचारावा हे ज्यांना दुखतं त्यांनीच सांगावं आणि औषध देणाऱ्यांनी ते शेजारी बसून ऐकावं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात व्हरांड्यात सतरंजी अंथरली. ज्यांना उठवत होतं ते रोगी, मोठे डॉक्टर, कंपाउंडर, मी, सगळे एका रांगेत. मोठे डॉक्टर खुर्ची आणवून बसले आणि वर्तमानपत्र वाचू लागले.

जो तो म्हणे, “बरं हाये साहेब. फरक हाये.” शेवटी मांडीचं हाड मोडलेला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, “साहेब, मानसाले नोका इचारू. आमच्या बाजेले इचारा, रातभर किती करकरली थे.”

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “तुम्हाला का नको विचारू?”

“तुमी इतक्या दुरून येता. दवाई देता. तुमच्या तोंडावर कसं म्हनू का तुमच्या दवाईनं काई झालं नाई? बरं दिसते का थे?”

डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं. ते निघून गेल्यावर मोठ्या डॉक्टरांनी त्यांची नक्कल केली. बाजेला विचारा, म्हणाले, आता बाजेचाही कागद भरा. मी खूप हसले. नक्कल पुढे नेऊन मीही एका बाजेला विचारून दाखवलं. हे हसणं पुढे मलाच आडवं आलं.

बायका त्या सतरंजीवर आल्याच नव्हत्या. पुरुषांच्या रांगेत बसून आपलं अंग कुठे दुखतं हे कोण सांगणार. त्यांना तुम्ही आत जाऊन विचारा, असं डॉक्टर मला सांगून गेले होते.

आत खिडकीजवळच्या खाटेवर बीबी गावची एक बाई होती. वय पस्तिशीचं. घरचा भाजीपाला, वांगी, मिरची, मेथी. तिच्या गर्भाशयाला कर्करोग झाला होता आणि तो कमरेत उतरला होता. बरी होणार नाही हे दोन्ही डॉक्टरांना ठाऊक होतं. तिचे जे काही दिवस उरले होते ते दुखण्याविना जावेत, एवढंच आमच्या हातात होतं. तिच्याजवळ तिची सासू राहायची. खाटेखाली घोंगडी टाकून तिथेच झोपायची. सासू म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं त्यातलं हिच्यात काही नव्हतं. सुनेचे केस विंचरायची, तिला घास भरवायची, बसनं घरून येणाऱ्या भाजीतली सांबाराची जुडी मला द्यायची आणि मी त्याला कोथिंबीर म्हटलं की हसायची.

रोज सकाळी मी कागद घेऊन जायची. “किती दुखतं?”

ती सासूकडे बघायची आणि म्हणायची, “थोडं.”

मी ‘थोडं’च्या रकान्यात सुबक खूण करायची आणि गोळी द्यायची.

त्याच भाजीतली मेथी सासू दवाखान्यातल्या स्वयंपाकाला द्यायची आणि सून ती खाटेवर बसून निवडायची. पहिल्या दिवशी तिनं चार जुड्या निवडल्या. मग दोन. चौथ्या दिवशी एकच जुडी मांडीवर होती आणि तिचा दोराही सुटलेला नव्हता. ते मला दिसलं. दिसलं नाही असं म्हणायला जागा नाही, मी तिच्या मांडीवरची जुडी उचलून बाजूला ठेवली होती आणि मगच कागद काढला होता.

“किती दुखतं?”

“थोडं.”

तेवढ्यात तिनं पदराखालून माझा डावा हात धरला. हात म्हणजे बोटं. अंगठा सोडून चारही बोटं तिनं मुठीत घेतली, दाबली आणि सोडली. चेहरा तसाच. सासू शेजारी बसून कंगव्यातले केस काढत होती.

मला अर्थ कळला नाही. दुपारी सासू पाणी आणायला विहिरीवर गेली तेव्हा मी विचारलं.

ती म्हणाली, “माहा बाप बैलांच्या बजारात दलाल होता. थ्या बजारात सौदा तोंडानं नाई होत बाई. शेल्याखाली हात घालतेत, बोटं धरतेत. जितके बोटं तितका आकडा. चार मानसं घेरून उभे असले तरी कोनाले पत्ता लागत नाई. लहानपनी मी त्याच्यासंगं तसंच खेळो.”

“म्हणजे तुझं दुखणं चार?”

“हाव. पाच म्हंजे मंग सहन नाई होत.”

“मग तोंडानं का नाही सांगत?”

सासू गेली त्या दाराकडे तिनं पाहिलं. “आत्याबाई इथं बसल्या राह्यतेत. इतके दिस झाले, घरी गेल्या नाईत. माह्यापायी धड जेवत नाईत. मी फार म्हनलं तर थ्या तेवढंबी खानार नाईत. तुमाले सांगतलं ना आता. तुमी लिवा.”

तुम्ही लिहा. एवढं साधं काम होतं ते. तिनं मला विश्वासात घेतलं होतं, आकडा दिला होता आणि पुढचं माझ्यावर सोपवलं होतं.

मी लिहिलं नाही. कागदावर बोटांचा रकाना नव्हता. तोंडचं उत्तर लिहावं अशी सूचना होती आणि तोंडचं उत्तर ‘थोडं’ हे होतं. त्यापेक्षा खरं कारण हे की मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन “तिनं माझी चार बोटं धरली, किल्ली द्या,” असं म्हणायची मला लाज वाटली. तीनच दिवसांपूर्वी मी त्यांच्यासमोर बाजेला विचारून दाखवलं होतं. आता बैलबाजार घेऊन गेले असते तर त्यांनी मलाच टिंगलीचा विषय केलं असतं. नागपूरचे डॉक्टर बाजाराच्या दिवशी येतीलच, त्यांना निवांत सांगू, असं मी ठरवलं. स्वतःला फसवायला इतकं पुरे होतं.

बाजाराचा दिवस आला, डॉक्टर आले नाहीत. कॉलेजात परीक्षा आहेत, पुढच्या आठवड्यात येतो, अशी चिठ्ठी बसच्या कंडक्टरबरोबर आली. रोज सकाळी तिचं तोंड ‘थोडं’ म्हणत होतं आणि पदराखाली चार बोटं, चार बोटं आणि त्या बाजाराच्या दिवशी पाच. त्या दिवशी मी तिला एकाऐवजी दोन गोळ्या दिल्या आणि आपण काहीतरी केलं असं मानून घेतलं.

त्याच दुपारी सासूनं मला थांबवलं. “बाई, तुमी रोज कागदावर काय लिवून राह्यल्या? मले वाचता येत नाई. जरा वाचून दाखवा ना.”

मी वाचून दाखवलं. थोडं. थोडं. थोडं. थोडं. एकाखाली एक, सगळी एका मापाची अक्षरं. मी वाचत होते आणि सून खाटेवरून माझ्याकडे बघत होती.

“म्हंजे उतार हाये,” सासू म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी पाहिला. “उतार हाये ना बाई?”

तेव्हासुद्धा वेळ गेली नव्हती. तिला बाहेर विहिरीपाशी नेऊन मी सांगू शकले असते. मी म्हणाले, “हो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा बैलगाडी घेऊन हजर. सासूनंच निरोप धाडला होता. उतार आहे, तर घरच्या माणसांत, घरच्या अन्नात राहू दे. मोठ्या डॉक्टरांनी कागद मागवला, वरून खाली नजर टाकली आणि म्हणाले, “थोडंच आहे. न्यायला हरकत नाही.” मी तिला पुडीत गोळ्या बांधून दिल्या. गाडीत गवतावर गोधडी अंथरलेली होती. तिला आडवं करताना तिनं माझी बोटं धरली. अंगठ्यासकट पाची. मी हात सोडवून घेतला आणि गाडीतून उतरले. गाडी वळेपर्यंत सासू मला हात जोडत होती.

त्यानंतरचे पाच दिवस मी काय केलं ते सांगायला हवं. कामं केली. रजिस्टरं भरली. कंपाउंडरला डागांवरून बोलले. बीबी काही सातासमुद्रापार नव्हती, रोज बस जायची. माझ्या मनात रोज यायचं आणि रोज मी ते बाजाराच्या दिवसावर ढकलायची.

बाजाराच्या दिवशी डॉक्टर आले. मी त्यांना व्हरांड्यात उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बैलबाजार, चार बोटं, पाच बोटं, वाचून दाखवलेला कागद. ते ओरडतील अशी माझी तयारी होती. ते ओरडले नाहीत. खाली बघून एवढंच म्हणाले, “हेच तर मी विचारत होतो. तिनं स्वतः होऊन सांगितलं होतं.” मग ते मोठ्या डॉक्टरांकडे गेले. आता नक्कल होईल म्हणून मी दाराशी अंग चोरून उभी राहिले. मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं, किल्ली काढली आणि स्वतः उठून कपाट उघडलं. मागितली होती त्याच्या दुप्पट इंजेक्शनं त्यांनी कापसात गुंडाळून डबीत ठेवली. “मला का नाही सांगितलंस?” त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं असतं तर ते हसले असते की नाही, हे मला त्या क्षणापर्यंत नक्की ठाऊक होतं. त्यानंतर कधीच ठाऊक झालं नाही.

त्या दिवसाची बस गेली होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आम्ही दोघं निघालो. डॉक्टरांनी डबी मांडीवर घेतली होती आणि खड्डा आला की ते तिच्यावर हात ठेवायचे. वाटेत त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, अंगठा धरला की पाच, हे तिनं सांगितलं होतं का. मी हो म्हणाले.

घर सापडायला वेळ लागला नाही. ओट्यावर माणसं बसली होती आणि नवऱ्याचं डोकं भादरलेलं होतं. तिला जाऊन तीन दिवस झाले होते.

डॉक्टर पुरुषांत बसले. डबी त्यांनी कोटाच्या खिशात घातली. मी दाराच्या आत बायकांत, सासूच्या शेजारी बसले. आम्ही का आलो हे कोणी विचारलं नाही. दवाखान्यातून भेटायला माणसं आली याचं त्यांना अप्रूप वाटलं. नवरा डॉक्टरांना सांगत होता, “लय शांत गेली साहेब. तुमच्या गोळ्यांचा गुन आला. कन्हलीबी नाई.” मग आत बघून तो आईला म्हणाला, “सांग ना माय, बाईले.”

म्हातारी ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “थोडंच दुखत होतं तिले. जास्त नाई.”

आणि तिचा हात तिच्या पदराखालून माझ्याकडे आला. तिनं माझी बोटं चाचपली, एक, दोन, तीन, चार, आणि अंगठा ओढून घेऊन पाची मुठीत धरली. घरी नेल्यावर सुनेनं तिचाही हात धरला होता तर. केव्हातरी, सहन होईना तेव्हा, तिनं आत्याबाईंनाही आकडा सांगितला होता, आणि तो आकडा घेऊन ही बाई गोळ्यांची पुडी उघडत बसली होती. मी उतार आहे म्हटलं नसतं तर ती सुनेला घेऊन गेलीच नसती.

मी हात सोडवून घेतला नाही. ओट्यावर पाऊसपाण्याचं बोलणं सुरू झालं, चहा आला, चहा निवला. म्हातारीनं मूठ सैल केली नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती, दाराबाहेर बघत होती. मला रडू येत होतं, पण तिथे रडायचा माझा काय हक्क होता.

निघताना ती आम्हाला वाडीच्या कडेपर्यंत पोचवायला आली. मी तिला म्हणाले, “आई, मला माहीत होतं.”

ती म्हणाली, “मले मालूम हाये. तिनं सांगतलं मले. म्हने, बाईले सांगतलं म्या, बाई लिवतीन.” तेवढं बोलून ती वाकली आणि वाफ्यातला सांबार उपटून तिनं माझ्या हातात जुडी दिली, रोज द्यायची तशी. मी ती घेतली. नाही कसं म्हणणार होते?

परत आल्यावर मी तिचा कागद काढला. तांबड्या शाईनं चौथ्या दिवसापासूनचं एकेक ‘थोडं’ खोडलं आणि शेजारी आकडे लिहिले. चार, चार, चार, चार, पाच. गाडीतल्या दिवसाला रकाना नव्हता, तो आकडा समासात लिहिला. मग खाली बीबीच्या घरचा आकडा लिहिला, तोही पाच, आणि पुढे लिहिलं की हे सासूबाईंनी सांगितलं. दोन ठिकाणी डागही पडले.

नागपूरच्या डॉक्टरांनी पुढे नवे कागद छापून आणले. त्यात बोटांचा रकाना होता, आणि विचारताना घरच्या माणसांना बाहेर पाठवावं अशी सूचना होती. पुढच्या बायकांना त्याचा उपयोग झाला, मोठे डॉक्टर आकडा बघून निमूट किल्ली काढून द्यायचे. तिचा तो जुना कागद मात्र डॉक्टरांनी बराच वेळ हातात धरला आणि मला परत दिला. म्हणाले, “इतकी खाडाखोड असलेला कागद अभ्यासात धरता येत नाही, सिस्टर.”

तो अजून माझ्याकडे आहे. शाई फिकी झाली आहे, पण खोडलेल्या रेघांखालचं ‘थोडं’ अजूनही स्वच्छ वाचता येतं. अक्षर खरोखरच चांगलं होतं माझं.